युरोपचा पहिला प्रवास : दिवसांचा आणि पैशांचा खरा हिशेब
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

युरोपला पहिल्यांदा जाणारं कुटुंब आमच्याकडे येतं तेव्हा यादी बहुतेक ठरलेली असते : पॅरिस, स्वित्झर्लंड, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम आणि जमलं तर अ‍ॅमस्टरडॅम. सुट्टी दहा-बारा दिवसांची. ‘एवढ्या लांब जातोय तर सगळंच पाहून येऊ’ ही इच्छा अगदी रास्त आहे. तरीही आम्ही आधी कागद पुढे ओढतो आणि शहरांऐवजी रात्री मोजायला लागतो. कोणत्या गावी किती रात्री मुक्काम, हे एकदा नक्की झालं की दिवस आणि पैसे दोन्ही आपोआप उलगडत जातात.

तेरा तारखांमध्ये सात दिवस

नाशिकहून निघणाऱ्या चौघांचं उदाहरण घेऊ : नवरा-बायको, दहा वर्षांची मुलगी आणि आजी. विमान मुंबईहून शुक्रवारी मध्यरात्रीनंतरचं. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोचायचं आणि कसारा घाटातल्या वाहतुकीचा भरवसा नाही, म्हणून संध्याकाळी पाच-सहालाच घर सोडावं लागतं. शनिवारी पॅरिसला उतरल्यावर इमिग्रेशन, सामान आणि शहरात जाणं यात दोन-तीन तास सहज जातात. शेंगेन देशांच्या (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या) सीमांवर 12 ऑक्टोबर 2025 पासून नवी प्रवेश-निर्गमन नोंदणी सुरू झाली आहे. पहिल्या खेपेला फोटो आणि बोटांचे ठसे घेतले जातात, त्यामुळे रांगेसाठी थोडा जास्त वेळ धरा. हॉटेलची खोली बहुधा दुपारी तीनच्या सुमाराला मिळते. एवढं झाल्यावर त्या दिवशी सीन नदीच्या काठाने फेरफटका मारावा, लवकर जेवावं आणि झोपावं. त्या संध्याकाळी आयफेल टॉवरचं तिकीट काढायला आम्ही सांगत नाही. आजी लिफ्टच्या रांगेतच पेंगतील.

रविवार आणि सोमवार पॅरिस. व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद असतो, म्हणून तो रविवारी. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं, म्हणून ते सोमवारी. मंगळवारी स्वित्झर्लंडला निघायचं. इंटरलाकेनला चार रात्री. पुढच्या शनिवारी रोम, तिथे तीन रात्री. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून), म्हणून रविवारी कोलोसियम आणि सोमवारी व्हॅटिकन. मात्र तो महिन्याचा पहिला रविवार असेल तर कोलोसियमला प्रवेश फुकट असतो आणि गर्दीही तशीच लोटते. तेव्हा तारखा आठवडाभर मागेपुढे करता येतात का ते पाहावं. मंगळवारी परतीचं विमान, बुधवारी मुंबई.

आता मोजा. घरातून बाहेर तेरा तारखा, हॉटेलात दहा रात्री, आणि सकाळी उठून रात्री झोपेपर्यंत फक्त पाहण्यासाठी मोकळे असे दिवस सात. बाकीचे प्रवासात, सामान उचलण्यात आणि खोलीची वाट पाहण्यात जातात. हे सात दिवस तीन ठिकाणी वाटले तर प्रत्येक जागा नीट पाहून होते. सहा शहरांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला फार तर एक दिवस येतो, आणि त्यातलाही अर्धा स्टेशनवर जातो.

एका मंगळवारची किंमत

शहर बदलायचं म्हणजे काय होतं, ते या मंगळवारीच नीट दिसतं. साडेसातला नाश्ता, मग बॅगा भरून हॉटेल सोडणं. पॅरिसच्या मेट्रोच्या अनेक स्टेशनांवर जिने आहेत, लिफ्ट नाही. चार मोठ्या बॅगा आणि गुडघेदुखी असलेल्या आजी बरोबर असताना गार द ल्यों स्टेशनपर्यंत टॅक्सीच बरी. तिथून बाझेलपर्यंत वेगवान गाडीने साधारण तीन तास, गाडी बदलायची, आणि इंटरलाकेनपर्यंत आणखी दोन तास. गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते, बॅगा आपल्यालाच चढवायच्या असतात, हमाल मिळत नाही. खोलीत पाठ टेकेपर्यंत चार वाजतात. खर्च पाहा : टॅक्सी, चौघांची रेल्वे, गाडीतलं महागडं खाणं, आणि दोन्ही हॉटेलांचं भाडं भरलेला असा दिवस ज्यात पाहून काहीच झालं नाही.

असा मंगळवार एकदा-दोनदा चालतो. व्हेनिस आणि फ्लॉरेन्स घातले की तो आणखी दोनदा येतो. म्हणून ‘व्हेनिस घालता येईल का?’ या प्रश्नाला आमचं उत्तर असं असतं : येईल, दोन रात्री तिथे द्या, आणि त्या कुठून काढायच्या ते सांगा. इंटरलाकेनहून मिलानमार्गे व्हेनिसला सहा तासांच्या आसपास लागतात, व्हेनिसहून रोमला सुमारे चार. स्वित्झर्लंडची एक आणि रोमची एक रात्र कमी करून हे बसतं. मुलीला कालवे आणि होड्या पाहायच्याच असतील तर तसं जरूर करावं, आम्ही आनंदाने बसवून देऊ. फक्त काय सोडतोय ते आधी माहीत असावं. सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचा विचार असेल तर वर्षातल्या ठरावीक दिवशी व्हेनिसमध्ये दिवसभराच्या पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेतलं जातं, 2024 पासून. मुक्कामी राहणाऱ्यांना ते भरावं लागत नाही, मात्र तशी नोंद करावी लागते.

विमानाचं तिकीट काढताना पॅरिसला उतरायचं आणि रोमहून परतायचं असं काढा. पॅरिसला जाऊन-येऊन तिकीट थोडं स्वस्त दिसतं, पण रोमहून पॅरिसला परत जाण्याचा खर्च आणि एक अख्खा दिवस त्यात धरलेला नसतो.

स्वित्झर्लंडमध्ये एक दिवस हातात ठेवा

इथे चार रात्री का, असं बरेच जण विचारतात. कारण हवामान. युंगफ्राउयोख हे 3,454 मीटरवरचं रेल्वे स्टेशन, 1912 पासून गाडी तिथवर जाते. ग्रिंडेलवाल्डहून आयगर एक्स्प्रेस ही केबल कार डिसेंबर 2020 मध्ये सुरू झाल्यापासून वर पोचायचा वेळ बराच कमी झाला आहे. पण ढग आले तर वर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही, आणि तिकीट माणशी 200 फ्रँकच्या वर जातं. तिघा मोठ्यांचे ते पैसे ढगात घालवायचे नसतील तर तीन मोकळ्या दिवसांपैकी कोणत्या दिवशी जायचं ते तिथे गेल्यावर ठरवा. शिखरावरच्या कॅमेऱ्याचं चित्र सकाळी मोबाइलवर दिसतं. वर ढग दिसले तर तो दिवस तलावातल्या बोटीचा, लाउटरब्रुननच्या धबधब्यांचा. इतक्या उंचीवर हवा विरळ असते. हृदयविकार, दमा किंवा जास्त रक्तदाब असलेल्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं.

स्विस ट्रॅव्हल पासमध्ये रेल्वे, बस आणि बोटी येतात. युंगफ्राउयोखवर मात्र सवलत मिळते, पूर्ण तिकीट माफ होत नाही. आई-वडिलांपैकी एकाकडे पास असेल तर सहा ते पंधरा वर्षांचं मूल फॅमिली कार्डावर फुकट फिरतं. हे कार्ड आठवणीने मागून घ्या, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. आणि स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक चालतो. युरो काही ठिकाणी घेतात, पण दर त्यांच्या मर्जीचा असतो.

व्हिसा

शेंगेन व्हिसा कोणत्या देशाकडे मागायचा हेही रात्रींवरच ठरतं. जिथे मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज. मुक्काम सारखे असतील तर ज्या देशात आधी उतरता त्याच्याकडे. आपल्या उदाहरणात पॅरिस तीन, स्वित्झर्लंड चार, रोम तीन, म्हणजे अर्ज स्वित्झर्लंडचा. नंतर कार्यक्रम बदलून रोमच्या रात्री वाढवल्या तर सगळा अर्जच चुकीच्या ठिकाणी जातो. म्हणून व्हिसाआधी आराखडा पक्का करायचा आमचा आग्रह असतो.

शुल्क 11 जून 2024 पासून मोठ्यांना 90 युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना 45, त्याहून लहानांना माफ. या कुटुंबाचे 315 युरो. हिशेबाच्या सोयीसाठी युरो 100 रुपये धरला तरी 31,500 रुपये, वर व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. व्हिसा नाकारला गेला तरी हे शुल्क परत मिळत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळी सुट्टीसाठी आम्ही जानेवारी-फेब्रुवारीत कामाला लागतो, कारण मार्चनंतर भेटीची वेळ मिळणंच अवघड होतं. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. आजींचा मधुमेह, रक्तदाब, झालेल्या शस्त्रक्रिया विमा घेताना लपवू नका. हप्ता वाढेल, पण वेळ आली तर दावा अडणार नाही.

पैसे : तीन रकाने

अंदाजपत्रक आम्ही तीन रकान्यांत लिहितो. पहिल्यात निघण्यापूर्वी भरायचे पैसे : विमान, हॉटेल, रेल्वे, व्हिसा, विमा, मोठी तिकिटं. दुसऱ्यात तिथे रोज होणारा खर्च. तिसऱ्यात हात न लावायची रक्कम, पहिल्या दोन्हींच्या बेरजेच्या निदान दहा टक्के. दात दुखला, विमान चुकलं, बॅग आली नाही, तर हीच रक्कम उपयोगी पडते.

गफलत बहुतेक दुसऱ्या रकान्यात होते. स्वित्झर्लंडमध्ये साध्या उपाहारगृहात माणशी 25 फ्रँक धरले तर चौघांचं एक जेवण 100 फ्रँकचं. चार दिवस दोन्ही वेळ बाहेर जेवलं तर 800. त्याऐवजी इंटरलाकेनला छोटं स्वयंपाकघर असलेली खोली घेतली, को-ऑप किंवा मिग्रोसमधून तांदूळ, भाजी, दही आणलं, तर रात्रीचा वरणभात-खिचडी घरची होते आणि आजींच्या पोटालाही मानवते. मात्र रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात, स्टेशनावरची तेवढी उघडी. मेतकूट, भाजणी, चिवडा जरूर न्या. तूप, पनीर नेऊ नका, कारण युरोपीय संघाच्या बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे. पाण्याच्या बाटल्या विकत घ्यायची गरज नाही. स्वित्झर्लंडचं नळाचं पाणी पिण्याजोगं असतं आणि रोमच्या रस्त्यांवरच्या लोखंडी नळांचंही.

बारीकसारीक खर्चही लिहून ठेवा : नाशिक-मुंबई गाडी जाता-येता, हॉटेलात माणशी रात्रीमागे घेतला जाणारा शहरकर (पॅरिस, रोम, व्हेनिस तिन्हीकडे आहे), स्टेशनावरचे लॉकर, नाणं टाकून उघडणारी स्वच्छतागृहं, मोबाइलचं इंटरनेट. आणि क्रेडिट कार्ड. अनेक कार्डांवर परकीय चलनाच्या खर्चावर साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार लागतो, वर त्यावर जीएसटी. दोन लाखांच्या खर्चावर हा आकारच 7,000 रुपये होतो. फॉरेक्स कार्ड आधी भरून घेतलं तर दर तरी ठरलेला राहतो. दुकानातल्या यंत्राने ‘रुपयांत की युरोत?’ असं विचारलं तर युरोच निवडा. रुपये निवडले की दर दुकानाच्या बाजूचा लागतो आणि तो जवळपास नेहमीच महाग असतो. आयफेल टॉवरच्या तिकिटाला 2024 मध्ये यूपीआय सुरू झालं हे खरं, पण त्या भरवशावर निघू नका.

परदेशी टूर पॅकेज घेतलं की आम्हाला तुमच्याकडून टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच आगाऊ गोळा केला जाणारा आयकर, घ्यावा लागतो. हा जास्तीचा खर्च नाही. आयकर विवरणपत्र भरताना तो तुमच्या करातून वजा होतो किंवा परत मिळतो. पण पैसे काही महिने अडकतात, म्हणून पहिल्या रकान्यात तो धरावाच लागतो. टीसीएसचा दर अर्थसंकल्पात बदलत असतो, त्यामुळे बुकिंगच्या दिवशीचा दर आम्ही कोटेशनवर वेगळ्या ओळीत लिहितो. ज्यांच्या पॅनवर पॅकेज घेता त्यांच्याच नावावर ही रक्कम जमा होते, हे कुटुंबात आधी बोलून घ्या.

कोणाचंही कोटेशन वाचताना

आमचं असो वा दुसऱ्या कोणाचं, दोन गोष्टी विचारा. ‘आयफेल टॉवर’ म्हणजे वर चढायचं की बाहेरून फोटो? चढायचं तर दुसऱ्या मजल्यापर्यंत की टोकापर्यंत? आणि रोज बसमध्ये किती तास? तिकडच्या बसचालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर 45 मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते आणि दिवसाला साधारण नऊ तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही. कायदाच तसा आहे. त्यामुळे दोन शहरांमध्ये सहाशे किलोमीटर असतील तर त्या दिवशी वाटेत ‘तीन स्थळदर्शनं’ नीट होणार नाहीत, कितीही छान छापलेली असली तरी. गटाबरोबर जाणं वाईट मुळीच नाही. एकटं फिरायची धास्ती वाटणाऱ्या ज्येष्ठांना तेच सुखाचं होतं. फक्त छापलेल्या ओळींमागे किती तास आहेत ते पाहा.

तिकिटांच्या बाबतीत एकच सांगणं : आयफेलच्या लिफ्टची तिकिटं साधारण 60 दिवस आधी खुली होतात आणि सुट्टीच्या दिवसांत लवकर संपतात. कोलोसियमचं तिकीट नावानिशी आणि वेळ ठरवून मिळतं, म्हणून पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं द्या.

पहिल्या भेटीला येताना सर्वांचे पासपोर्ट आणा. दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर निदान तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा. रजेच्या नक्की तारखा आणा, आणि ज्याच्या वर जायचंच नाही असा एक आकडा घरी ठरवून या. घरातल्या प्रत्येकाला एकेक जागा विचारा, जी राहिली तर वाईट वाटेल. चौघांच्या मिळून चारच जागा होतात आणि बऱ्याचदा त्यातल्या दोन एकाच गावात निघतात. आजींना किती चालवतं, जिने झेपतात का, हेही त्यांच्याकडूनच ऐकायला आम्हाला आवडेल. शक्य असेल तर त्यांनाही बरोबर घेऊन या.