आरटीई 25 टक्के प्रवेश: लॉटरीआधी कागद जुळवा

पडताळणीच्या टेबलासमोर एक आई उभी होती. शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) खाजगी शाळांत मिळणाऱ्या मोफत जागांच्या लॉटरीत मुलीचा नंबर लागला होता, शाळाही हवी तीच मिळाली होती. अधिकाऱ्यांनी भाडेकरार उलटापालटा करून पाहिला आणि दोन तारखा तिच्यापुढे ठेवल्या. ऑनलाइन अर्ज आधी भरलेला, कराराची नोंदणी त्यानंतर चार दिवसांनी. "साहेब, घर तर तेच आहे हो, तीन वर्षं तिथंच राहतोय," ती म्हणाली. खरंच तिथंच राहत होती. तरी जागा गेली.

आमच्या वस्तीत अर्जाच्या दिवसांत मी पालकांबरोबर बसते, तेव्हा पहिला प्रश्न हमखास शाळेचा येतो: कुठली शाळा चांगली? मी आधी पिशवीतले कागद काढायला सांगते. लॉटरी आपल्या हातात नाही, कागद आहेत. लॉटरी लागूनही कागदापायी गेलेली जागा फार जिव्हारी लागते.

थोडं मागचं, कारण 2024 पासून पालकांच्या मनात बराच गोंधळ आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेला. त्याच्या कलम 12 प्रमाणे खाजगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गातल्या किमान 25 टक्के जागा परिसरातल्या वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या, आणि त्यांचं शिक्षण मोफत करायचं. अल्पसंख्याक शाळा यातून वगळल्या आहेत. 9 फेब्रुवारी 2024 ला राज्य सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी विनाअनुदानित शाळेला या जागा देण्यातून सूट मिळाली. शहरात अशी सरकारी वा अनुदानित शाळा जवळपास असतेच, त्यामुळे यादीतून इंग्रजी माध्यमाच्या शाळा भराभर गळाल्या. जिथे शिक्षण आधीच मोफत आहे, त्याच शाळांसाठी पालकांनी लॉटरीत उतरायचं, असा त्याचा अर्थ झाला. पालक आणि संस्था कोर्टात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे 2024 ला स्थगिती दिली, 19 जुलैला तो बदल रद्दच केला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. तेव्हा "ते आरटीई बंद झालं ना?" असं कोणी विचारलं, तर ठामपणे सांगा: नाही झालं. पुढच्याच वर्षी, म्हणजे 2025-26 साठी, साधारण 1 लाख 9 हजार जागांना 3 लाखांवर अर्ज आले.

पात्र कोण?

दोन गट आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. पहिला वंचित घटक: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागासवर्ग, विशेष मागास प्रवर्ग, शिवाय 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेली मुलं, एचआयव्ही बाधित किंवा प्रभावित मुलं आणि अनाथ मुलं. या गटाला उत्पन्नाची अट नाही. जातीचा दाखला हातात असताना केवळ उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या खेपा घालणारे पालक मी दर वर्षी पाहते. ती पायपीट करू नका. दुसरा दुर्बल घटक: जात कोणतीही असो, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 1 लाख रुपयांच्या आत हवं.

वय 31 डिसेंबरला मोजतात. पहिलीसाठी त्या दिवशी 6 वर्षं आणि नर्सरीसाठी 3 वर्षं पूर्ण हवीत. शाळेचा प्रवेश नर्सरीपासून आहे की पहिलीपासून, हे शिक्षण विभागाच्या आरटीई पोर्टलवर शाळेच्या नावापुढे दिसतं. कमाल वय आणि घरापासून शाळेच्या अंतराचे टप्पे त्या वर्षीच्या परिपत्रकातूनच पाहा, शेजाऱ्यांच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर जाऊ नका.

कागद

जन्माचा पुरावा सोपा: ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिकेचा जन्मदाखला. तो नसेल तर दवाखान्याच्या किंवा अंगणवाडीच्या रजिस्टरमधली नोंद, नाहीतर पालकांचं प्रतिज्ञापत्र. जातीचा दाखला वडिलांचा किंवा मुलाचा, सक्षम अधिकाऱ्याने दिलेला हवा. परराज्यातला दाखला चालत नाही. बांधकामावर आलेली कितीतरी कुटुंबं इथेच अडतात, त्यांनी उत्पन्नाच्या गटातून अर्ज करता येतो का ते पाहावं. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा. तो आपले सरकार सेवा केंद्रातून मागता येतो. अर्जाची पावती घ्याच, कारण 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांना मुदत ठरवून दिलेली आहे.

एकट्या आईने अर्ज करताना "एकल पालक" हा पर्याय विचार करून निवडावा. तो निवडला की कागदही तसेच लागतात: विधवा असल्यास पतीचा मृत्यूदाखला, घटस्फोट झाला असल्यास न्यायालयाचा आदेश, खटला चालू असल्यास तो न्यायप्रविष्ट असल्याचा पुरावा. नवरा नुसता सोडून गेला आहे आणि हाती एकही कागद नाही, अशा बाईला या व्यवस्थेत धड जागाच नाही. माझ्या मते, या नियमांमधली सगळ्यात क्रूर फट हीच आहे.

आता राहण्याचा पुरावा. मतदार ओळखपत्र, आधार, रेशन कार्ड, वीजबिल, घरपट्टी, पासपोर्ट यांपैकी काही त्याच पत्त्यावरचं असेल तर प्रश्न मिटला. भाड्याने राहत असाल आणि यातलं काहीच त्या पत्त्यावर नसेल, तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला, किमान 11 महिन्यांचा भाडेकरार लागतो. नुसता नोटरीचा कागद चालत नाही. नोंदणीची तारीख अर्जाच्या आधीची हवी. घरमालक "नोंदणीची भानगड नको" म्हणतो, तेव्हा त्याला नम्रपणे सांगा की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार नोंदवायची जबाबदारी त्याचीच आहे. प्रवेशाच्या अर्जांची जाहिरात येईपर्यंत थांबू नका, दिवाळीनंतर लगेच हे काम उरका. करारावरच्या पत्त्यावर प्रत्यक्षात राहत नसल्याचं आढळलं, तर झालेला प्रवेशही रद्द होतो.

अर्ज भरताना

अर्ज शिक्षण विभागाच्या आरटीई पोर्टलवर, विनाशुल्क. पंचायत समितीत किंवा वॉर्डात मदत केंद्रं असतात, काही ठिकाणी सामाजिक संस्थांचे कार्यकर्तेही फॉर्म भरून देतात. कोणी भरून दिला तरी नकाशाच्या पानावर स्वतः डोळे लावून बसा. पत्ता टाकल्यावर एक लाल फुगा दिसतो, तो बोटाने सरकवून बरोबर आपल्या घरावर आणायचा. शाळेचं अंतर त्या फुग्यापासून मोजलं जातं. गल्ली चुकली तर जवळची शाळा लांबची ठरते, किंवा पडताळणीत अंतर जुळत नाही. जवळचं मंदिर, दवाखाना, मोठा चौक बघून खात्री करा आणि मगच पुढे जा.

दहापर्यंत शाळा निवडता येतात. खरोखर पाठवणार असाल तेवढ्याच निवडा. एका मुलाचे दोन अर्ज केले तर दोन्ही बाद होतात. आधी याच योजनेतून प्रवेश घेतलेल्या मुलाला पुन्हा अर्ज करता येत नाही.

लॉटरी राज्यपातळीवर निघते. मेसेजची वाट पाहत बसू नका, अर्ज क्रमांक टाकून पोर्टलवर रोज पाहा. निवड झाली की थेट शाळेत जायचं नाही. आधी तालुक्याच्या किंवा वॉर्डाच्या पडताळणी समितीकडे मूळ कागद आणि झेरॉक्स घेऊन, दिलेल्या मुदतीत. प्रतीक्षा यादीत असाल तर रिकाम्या जागांप्रमाणे पुढच्या फेऱ्या होतात.

शाळेने खळखळ केली तर

शाळा चालवणाऱ्या ट्रस्टची तक्रार असते की सरकारकडून प्रतिपूर्ती, म्हणजे या मुलांच्या फीचा परतावा, वेळेवर मिळत नाही. ठरलेली कमाल रक्कम वर्षाला प्रतिविद्यार्थी 17,670 रुपये आहे आणि ती थकते, हे खरंच आहे. लहान संस्थांची त्यात ओढाताण होते. पण तो हिशेब संस्था आणि सरकार यांच्यातला आहे, सहा वर्षांच्या पोराकडून तो वसूल करता येत नाही. देणगी मागणं, मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेणं कायद्याला मंजूर नाही. मुलाखतीसाठी पहिल्यांदा 25 हजारांपर्यंत आणि नंतर दर वेळी 50 हजारांपर्यंत दंड आहे. तोंडी भांडत बसू नका. गटशिक्षणाधिकारी किंवा शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 खालच्या तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट पालकांना प्रवेशाच्या आनंदात कोणी सांगत नाही. हे मोफत शिक्षण आठवीपर्यंतच आहे. नववीला तीच शाळा पूर्ण फी मागते, आणि त्या वर्षी अनेक मुलांना शाळा बदलावी लागते. सहावी-सातवीतच जवळच्या अनुदानित शाळेत नववीची चौकशी करून ठेवा.