सिनेव्हूप की पाच इंची? एफपीव्ही ड्रोन निवडताना होणारी गल्लत

हळदीच्या मांडवात शिरून, पाहुण्यांच्या मधून वाट काढत, माडीच्या खिडकीतून बाहेर पडणारा एकसलग शॉट आणि सह्याद्रीच्या कड्यावरून धबधब्याच्या बरोबरीने खाली झेपावणारा शॉट. मोबाइलवर एकापाठोपाठ पाहिले, तर दोन्ही एकाच यंत्राने काढल्यासारखे वाटतात. दोन्हींना एफपीव्हीच (फर्स्ट पर्सन व्ह्यू) म्हणतात, दोन्हीकडे पायलट गॉगल लावून ड्रोनच्या डोळ्यांनी बघत असतो, आणि भागांची यादीही वरवर तीच: फ्रेम, चार मोटरी, उड्डाण सांभाळणारा फ्लाइट कंट्रोलर, मोटरींचा वेग ठरवणारा ईएससी, व्हिडिओ युनिट, लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी. तरी पहिला शॉट सिनेव्हूपचा, म्हणजे पंख्यांभोवती कडी असलेल्या छोट्या ड्रोनचा आहे, आणि दुसरा मोकळ्या पंख्यांच्या पाच इंचीचा. यांची अदलाबदल केली, तर मांडवात अपघात होतो आणि कड्यावर ड्रोन गमवावा लागतो.

पाच इंच हा पंख्याचा व्यास. कार्बन फायबरची उघडी फ्रेम, चारही पंखे मोकळे, मोटरी २२०७ किंवा २३०६ मापाच्या. यातले पहिले दोन आकडे स्टेटरचा (मोटरीच्या आतल्या स्थिर भागाचा) व्यास सांगतात आणि पुढचे दोन त्याची उंची, मिलिमीटरमध्ये. ६एस, म्हणजे सहा सेलच्या बॅटरीवर १७०० ते १९५० केव्हीच्या (दर व्होल्टमागे मिनिटाला इतके फेरे) मोटरी चालतात. १३०० एमएएचच्या आसपासची बॅटरी आणि वर ॲक्शन कॅमेरा धरून वजन साधारण ६५० ते ८०० ग्रॅम भरतं. चार मोटरींची मिळून ओढ या वजनाच्या आठपट सहज असते.

सिनेव्हूपचे पंखे दोन ते साडेतीन इंचांचे आणि प्रत्येकाभोवती कडं. बऱ्याच मॉडेलांत मोटरी उलट्या, फ्रेमच्या खालच्या अंगाला लावलेल्या असतात, म्हणजे पंखे चित्रात दिसत नाहीत. तीन इंची सिनेव्हूपवर पूर्ण आकाराचा ॲक्शन कॅमेरा चढवला की ओढ वजनाच्या तीन-चारपटच उरते. खरा फरक या आकड्यात आहे. पंख्यांभोवतीच्या कड्यांकडे सगळ्यांचं लक्ष जातं, कारण ती डोळ्यांना दिसतात.

आधी कड्यांबद्दलच. भिंतीला, दाराच्या चौकटीला किंवा झुंबराच्या साखळीला घासून गेल्यावरही पंखा फिरत राहावा, हे त्यांचं काम. माणसाला लागलं तरी चालेल, असा त्याचा अर्थ नाही. अर्धा किलोची वस्तू ताशी ४० किलोमीटरने तोंडावर आली तर कडं असून काय उपयोग! शिवाय बाजूने कडं असलं तरी बहुतेक ड्रोनमध्ये पंखा वरून-खालून उघडाच असतो. बोट, केस किंवा ओढणीचं टोक आत जायला वाव राहतो.

कड्याने एका जागी तरंगताना थोडी जास्त ओढ मिळते हे खरं, पण पंख्याचं टोक आणि कडं यांच्यात अगदी बारीक फट असेल तरच. एका धडकेत कडं वाकलं की एका बाजूला फट वाढते आणि दुसऱ्या बाजूला पंखा घासतो. मोटर गरम होते आणि चित्रात थरथर उतरते. ही थरथर दिसली की लोक लगेच सॉफ्टवेअरमधल्या पीआयडीच्या (ड्रोन स्थिर ठेवणाऱ्या) आकड्यांशी खेळायला बसतात. आधी पंखे हाताने फिरवून बघावेत, कुठे खरखर येते का. दहापैकी आठ वेळा दोष तिथेच सापडेल, असं आमचं मत.

वाऱ्यात हीच कडी उलटतात. उघडी छत्री घेऊन घाटमाथ्यावर उभं राहावं तशी गत. पुढे जाण्यासाठी ड्रोन नाक खाली करतो, तेव्हा चारही कडी वाऱ्याला आडवी येतात. वेग मिळत नाही, बॅटरी मात्र जळत राहते. डोंगरकड्याच्या धारेवर दुपारी वर येणारा वारा आणि धारेमागचा भोवरा यांत तीन इंची सिनेव्हूप जागेवरसुद्धा टिकत नाही.

झेपेचं गणित तर अगदीच स्पष्ट आहे. समजा दोन्ही ड्रोन सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर वेगाने सरळ खाली येतायत. थांबायला लागणारं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले मंदनाची दुप्पट. ओढ वजनाच्या तीनपट असेल, तर त्यातली एक पट गुरुत्वाकर्षणाशी झुंजण्यात जाते आणि दोन पट थांबवायला उरते: साधारण १६ मीटर लागतात. ओढ आठपट असेल तर सात पट उरते आणि ५ मीटरांच्या आत काम होतं. हे कागदावरचं. प्रत्यक्षात अर्धी बॅटरी संपल्यावर व्होल्टेज उतरलेलं असतं, आणि स्वतःच्याच खाली ढकललेल्या हवेत उतरताना पंख्यांची पकड सुटून ड्रोन डुलतो. त्याला पायलट प्रॉपवॉश म्हणतात, आणि सिनेव्हूपला तो जास्त छळतो. म्हणून कागदावरच्या अंतराची दुप्पट हाताशी ठेवावी. सिनेव्हूपने कड्यावरून झेप घ्यायची तर तीसेक मीटर मोकळी हवा खाली हवी. ती असेल तरी घेऊ नये.

याच ताकदीमुळे पाच इंची घरात नकोसा होतो. नुसतं तरंगायला त्याला कमाल ओढीचा जेमतेम आठवा हिस्सा पुरतो, म्हणून थ्रॉटलची काडी जराशी वर गेली की यंत्र छताला. बीटाफ्लाइट या फ्लाइट कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये थ्रॉटलवर मर्यादा घालता येते, पण त्याने मोकळे पंखे बोथट होत नाहीत. पॉलिकार्बोनेटचा पाच इंची पंखा पूर्ण वेगात मांस कापतो, यात अतिशयोक्ती नाही. माणसांच्या जवळ तो नेऊ नये. बैलगाडा शर्यतीसारख्या ठिकाणी मोह होतो: वेगही आहे, थरारही. पण दोन्ही बाजूंना गर्दी आणि आवाजाने बुजणारी जनावरं असताना दोन्हीपैकी एकही एफपीव्ही जवळून उडवू नये. तिथे उंचावर उभा राहणारा साधा कॅमेरा ड्रोनच बरा.

कॅमेऱ्याचा कोन हा नवख्यांचा आणखी एक गोंधळ. साध्या ड्रोनला गिंबल असतो, त्यामुळे ड्रोन कसाही झुकला तरी क्षितिज सरळ राहतं. इथे कॅमेरा फ्रेमला घट्ट बसवलेला असतो, म्हणून कोन ठरवला की वेगही ठरला. ३० अंश वर वळवलेल्या कॅमेऱ्याने समोरचं सरळ दिसायला ड्रोन ३० अंश पुढे झुकलेला हवा, आणि तितका झुकला की तो धावणारच. पाच इंचीसाठी २५ ते ३५ अंश ठीक. सिनेव्हूपने खोलीतून हळू फिरायचं तर १० ते १५ अंश. जास्त ठेवला तर चित्रात अर्धं छतच येतं. कार्यक्रमाच्या ठिकाणी पोचल्यावर कोन बदलायचा म्हणजे दोन स्क्रू सैल करणं, त्यामुळे बारीक ॲलन की खिशात हवी.

आतल्या चित्रीकरणाची बरीच कटकट प्रकाशाची असते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून साध्या एलईडी माळा आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेरा २५ किंवा ५० फ्रेमवर आणि शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं तर पट्टे येत नाहीत. ३० फ्रेम आणि १/६० ठेवलं तर येतात. १/५० आणि १/१०० यांतलं १/१०० निवडावं. कारण चित्र स्थिर करण्याचं काम नंतर जायरोफ्लोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये होतं, आणि ते हलणं काढू शकतं, फ्रेममध्ये आधीच पसरलेला अस्पष्टपणा काढू शकत नाही. कॅमेऱ्यातलं स्वतःचं स्थिरीकरण त्यासाठी बंद ठेवायचं, नाहीतर दोन्ही एकमेकांवर चढून चित्र जेलीसारखं डुलतं.

बाहेरचं गणित उलटं. लख्ख उन्हात आयएसओ १०० आणि एफ/२.८ ला शटर १/३२०० च्या घरात जातं आणि जमीन टोचऱ्या ठिपक्यांसारखी दिसते. एनडी३२ हा प्रकाश कमी करणारा फिल्टर लावला की ते १/१०० वर येतं, एनडी१६ ने १/२०० वर. पाच इंचीच्या जोरदार वळणांना एनडी१६ बरा.

आवाज दोघांचाही वापरण्याजोगा नसतो. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या ब्रायंट लेक बोल या बोलिंग ॲलीत जे क्रिस्टेन्सेन यांनी सिनेव्हूपने एकसलग शॉट घेतला आणि तो जगभर फिरला. त्यातले संवाद आणि पिनांचा खडखडाट नंतर जोडलेले होते. लग्नाचं काम घेत असाल तर सनईचा आणि मंगलाष्टकांचा आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घ्यावा लागेल, हे यजमानांना आधी सांगून ठेवा. मंगलाष्टकं चालू असताना ड्रोन उडवायचाच नाही, हा त्याहून सोपा मार्ग.

व्हिडिओ ५.८ गिगाहर्ट्झवर येतो आणि आरसीसीची भिंत त्याला झेपत नाही. एक भिंत चालते, दोन भिंती आणि जिना मध्ये आला की डिजिटल चित्र गोठतं. म्हणून पायलटने शॉटच्या सुरुवातीला उभं न राहता मार्गाच्या मध्यावर बसावं, आणि आधी ड्रोन हातात धरून तो मार्ग एकदा चालून बघावा. चित्र कुठे तुटतं ते चालतानाच कळतं.

आता खरेदी. या दोघांच्या मधोमध एक तिसरं नाव गोंधळ वाढवतं: डीजेआय अवाटा २. कड्यांसकट ३७७ ग्रॅमचा हा ड्रोन एप्रिल २०२४ मध्ये आला. तो स्वभावाने सिनेव्हूपच आहे, पण सेन्सर, स्वयंचलित स्थिरता आणि कंपनीच्या सांगण्यानुसार २३ मिनिटांपर्यंतचं उड्डाण असलेला. हाताने जोडलेला सिनेव्हूप किंवा पाच इंची एका बॅटरीवर चार ते सहा मिनिटं उडतो, हे लक्षात घेतलं तर अवाटाचं आकर्षण कळतं. पण त्याच्याकडून पाच इंचीची झेप मागू नये. आणि पडला तर पाच इंचीची मोडकी बाहू चार स्क्रू काढून बदलते, इथे अख्खा सांगाडा बदलावा लागू शकतो. शिवाय भारतात फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे. सुट्या भागांना नाही. तेव्हा दुकानात अवाटा २ दिसला, तर बिल आणि वॉरंटी कोण देणार हे आधी विचारा. हौशी मंडळी भाग मागवून सोल्डरिंग शिकतात ते यामुळेही.

वजनाचा संबंध नियमांशी आहे. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंत नॅनो आणि त्यावर २ किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला आणि हौसेपुरत्या मायक्रोला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो उडवून पैसे घेतलेत की लागतं. दोन-अडीच इंची सिनेव्हूप हलकं व्हिडिओ युनिट वापरून २५० ग्रॅमच्या आत बसवता येतो, पाच इंची बसत नाही. उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलच्या नकाशावर जागा हिरव्या क्षेत्रात आहे का ते बघायचं; तिथे ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. मुंबईत पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात, आणि संरक्षित किल्ल्यांवर चित्रीकरणाला पुरातत्त्व खात्याची परवानगी हवी. गॉगल घातला की आजूबाजूचं काही दिसत नाही, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी ड्रोनवर नजर ठेवणारा एक सोबती शेजारी हवाच. अमेरिकेतल्या मराठी मंडळींना तर तिथल्या नियमानेच तो बंधनकारक आहे.

पहिला ड्रोन कोणता, याला आमचं उत्तर: शॉटमध्ये माणसं किंवा भिंती दोन मीटरच्या आत येणार असतील तर सिनेव्हूप. विषय ताशी ५० किलोमीटरच्या वर पळणारा असेल किंवा उंचावरून झेप हवी असेल तर पाच इंची. दोन्ही एकाच यंत्रात मिळावं म्हणून साडेतीन इंची सिनेव्हूप घेणारे बरेच आहेत. आतल्या कामाला तो चालतो, पण अरुंद दारातून जाताना अंगावर येतो आणि डोंगरकड्यावर तरीही कमीच पडतो.

ड्रोनच्या आधी रिमोट घ्या. ईएलआरएस या रेडिओ पद्धतीचा २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट यूएसबीने संगणकाला जोडून लिफ्टऑफ किंवा वेलोसिड्रोन या सिम्युलेटरमध्ये वीसेक तास ॲक्रो मोड (ज्यात ड्रोन आपोआप सरळ होत नाही) घोटा. तोच रिमोट पुढे दोन्ही ड्रोनला चालतो, गॉगलही तोच. खर्च मागून बॅटऱ्यांचा आणि पंख्यांचा येतो. सुरुवातीला चार बॅटऱ्या हव्यात. पाच इंचीला पंख्यांचे दहा संच लागतील, सिनेव्हूपला चार पुरतात, पण एक-दोन जादा कडी घ्या. प्रति सेल ३.५ व्होल्टला उतरायचं, १सी ने चार्ज करायचं (१३०० एमएएचला १.३ अँपियर), आणि दोन-तीन दिवस उडवणार नसाल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवायचा. पूर्ण भरलेली लायपो उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवली की फुगते. फुगलेली बॅटरी परत जोडू नका, आणि ती घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.