गोमेन (इथिओपियन मोहरी)

(लॅ. ब्रॅसिका कॅरिनॅटा, कुल – क्रुसिफेरी). इथिओपियाच्या उंच, थंड पठारावर पिकणारी कोबी-मोहरीच्या कुलातील पालेभाजी. अम्हारिक भाषेत तिला ‘गोमेन’ आणि ओरोमो भाषेत ‘राफू’ म्हणतात. तिथे या भाजीचे स्थान इतके पक्के आहे की बाहेरून आलेल्या भाज्यांनाही तिचेच नाव लावले गेले: कोबी म्हणजे ‘तिकिल गोमेन’ (गुंडाळलेली गोमेन) आणि फुलकोबी म्हणजे ‘अबेबा गोमेन’ (फुलाची गोमेन). मूळ भाजीला मग ‘हबेशा गोमेन’, म्हणजे देशी गोमेन, म्हणावे लागले.

ही वर्षायू वनस्पती फुलावर आली की माणसाच्या उंचीपर्यंत जाते. पाने मोठी व लांब देठाची असून काही वाणांत शिरांवर जांभळट झाक असते. फुले पिवळी, चार पाकळ्यांची. शेंगा पक्व झाल्या तरी सहसा तडकत नाहीत, त्यामुळे बी शेतात गळून वाया जात नाही.

काळी मोहरी (८ गुणसूत्रांचा संच) आणि कोबीवर्गीय वनस्पती (९ गुणसूत्रांचा संच) यांच्या नैसर्गिक संकरातून ही जाती उपजली. दोन्ही संच दुप्पट होऊन टिकल्याने तिची गुणसूत्रे ३४ आहेत. मोहरीवर्गातील हे नाते जपानमध्ये काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ नागाहारू ऊ यांनी १९३५ मध्ये एका त्रिकोणाच्या रूपात मांडले. गोमेन रानात आपोआप उगवलेली आढळत नाही. ती माणसाच्या हातानेच टिकली आहे.

घराला लागून, शेणखत पडलेल्या परसात ती लावली जाते. दाट उगवलेली रोपे विरळताना उपटलेली कोवळी रोपे हीच पहिली भाजी. पुढे खालचे एकेक पान देठाशी धरून खाली मोडतात आणि शेंड्याची कोवळी पाने राखतात, म्हणजे झाड वाढत राहते व पुन्हा पुन्हा खुडता येते. काही झाडे बियाण्यासाठी फुलू देतात.

पाने बारीक चिरून कांदा, लसूण, आले व हिरवी मिरची घालून मऊ शिजवतात आणि टेफ या बारीक दाण्याच्या धान्याच्या इंजेरावर (आंबवलेल्या पिठाच्या मऊ पोळीवर) वाढतात. चिरताना येणारा उग्र दर्प सिनिग्रिन या गंधकयुक्त द्रव्यापासून तयार होतो. शिजताना तो बराच ओसरतो. मांस घातले की तीच ‘गोमेन बेसिगा’. इथिओपियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी, शुक्रवारी आणि दीर्घ उपवासकाळात मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात. तेव्हा तेलातली गोमेन ताटात हमखास असते. तशी ती गरिबाची भाजी मानली जाते, पण ‘गोमेन बेतेना’ ही म्हण तिची बाजू घेते: मांसाच्या मागे जीव टांगणीला लावण्यापेक्षा सुखासमाधानाने गोमेन खावी.

बी म्हणजे ‘गोमेनझेर’. ते भरडून तापलेल्या मातीच्या तव्यावर, म्हणजे मितादवर, टाकतात आणि फडक्याने घासून पुसतात. त्यातल्या तेलाने तवा गुळगुळीत होतो आणि इंजेरा चिकटत नाही. एका मुठीत एवढी सोय क्वचितच कुठे मिळते.

त्या तेलात इरुसिक आम्ल या मेदाम्लाचे प्रमाण सुमारे ४० टक्के असते. म्हणून खाद्यतेल म्हणून त्याला मर्यादा आहेत, पण इंधनासाठी ते उपयोगी पडते. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी कॅनडात या तेलापासून केलेल्या, खनिज तेलाची भेसळ नसलेल्या इंधनावर जेट विमान उडाले. २०१८ मध्ये लॉस एंजेलिस–मेलबर्न प्रवासी उड्डाणात त्याचे १० टक्के मिश्रण वापरले गेले. भारतात हे पीक ‘करण राई’ या नावाने तेलबियांसाठीच ओळखले जाते. पाल्यासाठी मात्र ते इथिओपियाबरोबरच केनिया व टांझानियाच्या उंच भागांत लावतात.