पाक्स रोमाना

पाक्स रोमाना म्हणजे ‘रोमन शांतता’. इ.स.पू. २७ मध्ये रोमचा पहिला सम्राट ऑक्टेव्हियन याला ‘ऑगस्टस’ ही पदवी मिळाली, तेव्हापासून इ.स. १८० मध्ये सम्राट मार्कस ऑरेलियस मरण पावला तोपर्यंतचा काळ सामान्यतः या नावाने ओळखला जातो. भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रांतांना या काळात बरीच स्वस्थता लाभली; सीमांवर मात्र तलवार क्वचितच म्यान झाली. आजच्या वाचकाला यात विसंगती दिसते, रोमनांना ती दिसत नसे. लॅटिनमधील ‘पाक्स’ हा शब्द करारवाचक धातूपासून आलेला आहे, आणि करार बहुधा जिंकणाऱ्याच्या अटींवर होई.

रोममधील जानुस देवाच्या मंदिराची दारे युद्धकाळात उघडी आणि सर्वत्र शांतता असताना बंद ठेवण्याची प्रथा होती. ऑगस्टसपूर्वीच्या साऱ्या इतिहासात ती दोनदाच लागली, असे परंपरा सांगते. आपल्या कारकिर्दीत सिनेटने तीनदा तसा ठराव केला, हे ऑगस्टसने स्वतःच्या कार्यवृत्तांतात अभिमानाने नोंदवले आहे. ही शांतता जमिनीवरील व समुद्रावरील विजयांनी मिळवलेली आहे, हेही तो तिथेच सांगून टाकतो. इ.स.पू. २५ मध्ये उत्तर स्पेनमधील कांताब्री टोळ्या नमल्या असे धरून दारे लावण्यात आली. प्रत्यक्षात ते युद्ध मिटायला इ.स.पू. १९ उजाडले.

लोकांना खरा दिलासा मिळाला तो यादवी थांबल्याचा. इ.स.पू. ३१ मधील ॲक्टियमच्या लढाईत प्रतिस्पर्धी अँटनीला हरवल्यावर ऑगस्टसने फुगलेले सैन्य कमी करून २८ लीजनांवर (सुमारे पाच हजार शिपायांच्या तुकड्यांवर) आणले. पूर्वी निवृत्त शिपाई जमिनीसाठी आपल्या सेनापतीच्या तोंडाकडे पाहत, आणि यादवीची मेख तिथेच होती. इ.स. ६ मध्ये लष्करी कोषागार स्थापून, वारसा हक्कावर ५ टक्के कर बसवून त्याने ही सोय राज्याकडे घेतली. लीजना ऱ्हाइन, डॅन्यूब, सिरिया अशा कडेच्या भागांत राहिल्या, त्यामुळे आतल्या कित्येक प्रांतांत शिपाई फारसा दिसेनासा झाला.

कडेला राहणाऱ्यांचा अनुभव वेगळा होता. इ.स. ६ मध्ये इलिरिकममध्ये (बाल्कनच्या पश्चिम भागात) मोठा उठाव झाला आणि तो मोडायला ऑगस्टसचा सावत्र मुलगा टायबीरियस याला तीन वर्षे लागली. बंड का केलेत, असे त्याने विचारले तेव्हा बंडाचा म्होरक्या बातो म्हणाला, कळप राखायला तुम्ही कुत्री किंवा धनगर पाठवत नाही, लांडगे पाठवता! इतिहासकार डिओने हे उत्तर नोंदवले आहे, आणि करवसुलीवर याहून नेमके भाष्य त्या काळात सापडणे अवघड. तो उठाव शमतो न शमतो तोच इ.स. ९ मध्ये जर्मनीतील ट्युटोबर्गच्या जंगलात जर्मन टोळीप्रमुख आर्मिनियसने रोमन सेनापती व्हारसच्या तीन लीजना कापून काढल्या. १७, १८ व १९ हे त्यांचे क्रमांक रोमने पुन्हा वापरले नाहीत. इ.स. १६ नंतर आता सम्राट झालेल्या टायबीरियसने सेनापती जर्मेनिकसला माघारी बोलावले आणि ऱ्हाइनपलीकडचा प्रदेश जिंकण्याचा नाद सोडला.

आतल्या शांततेचा फायदा व्यापाराला झाला. इ.स.पू. ३० मध्ये इजिप्त रोमच्या ताब्यात आल्यावर तांबड्या समुद्रावरील मायोस हॉर्मोस बंदरातून १२० पर्यंत जहाजे भारताकडे निघत, असे भूगोलकार स्ट्रेबो लिहितो. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती याच संपर्काची खूण आहे.

ही व्यवस्था सम्राटाच्या गादीवर टेकलेली होती. इ.स. ६८ मध्ये सम्राट नीरोने आत्महत्या केली आणि पुढच्याच वर्षी सीमेवरच्या लीजना एकमेकींवर चालून गेल्या. एका वर्षात रोमने चार सम्राट पाहिले. त्यांतला अखेरचा व्हेस्पेझ्यन टिकला. त्याचा मुलगा टायटस याने इ.स. ७० मध्ये जेरूसलेम घेतले, तेव्हा तिथले मंदिर जळून गेले. इ.स. ७५ मध्ये व्हेस्पेझ्यनने रोममध्ये शांतिदेवतेचे मंदिर उभारले, आणि जेरूसलेमच्या मंदिरातून लुटून आणलेली सोन्याची पात्रे त्यात मांडली.