पाण्यातील बलवर्धक व्यायाम: आधारापासून विरोधापर्यंत

दुखऱ्या सांध्यावरचा शरीराचा भार पाणी हलका करते, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु तेच पाणी स्नायूंना भार देण्यासाठी वापरता येईल, हा विचार बऱ्याच उशिरा रुजला. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांना १९२१ मध्ये पोलिओ झाला आणि १९२४ मध्ये ते जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे गेले. तेथील सुमारे ३१ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात त्यांना आधाराने पाय हलवता येऊ लागले. त्यांनी १९२६ मध्ये ती जागा विकत घेतली आणि पोलिओग्रस्तांच्या पुनर्वसनाचे केंद्र उभे केले. त्याच काळात लॉस एंजेलिसमध्ये अस्थिशल्यचिकित्सक चार्ल्स लोमन यांनी पाण्यातील व्यायामांना शिस्तबद्ध रूप दिले. या टप्प्यावर मात्र पाण्याचे मोल प्रामुख्याने आधार म्हणूनच होते.

पुढे १९४५ मध्ये अमेरिकी लष्करी डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांच्या पुनर्वसनातील अनुभवावरून जमिनीवरच्या व्यायामात वजन टप्प्याटप्प्याने वाढवण्याची पद्धत मांडली. पाण्यात हे तत्त्व आणणे सोपे नव्हते, कारण तेथे किलोग्रॅमचा आकडा मोजून ठेवता येत नाही. पाण्याचा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे हात दुप्पट वेगाने फिरवला, तर विरोध सुमारे चौपट होतो. शिवाय पाण्याला सामोरे जाणारे क्षेत्रफळ वाढले की तोही वाढतो. पॅडल (हातात धरायची चपटी पाती), जाळीदार हातमोजे, पायाचे फिन ही सर्व साधने याच दोन गोष्टींवर उभी आहेत. त्यामुळे रुग्णाने वेग कमी करताच भारही आपोआप उतरतो, आणि दुखापतीनंतरच्या नाजूक आठवड्यांत हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो.

स्वित्झर्लंडमधील बाड रागाझ येथे १९५७ च्या सुमारास जर्मनीतून आलेली तरंगत्या कड्यांची पद्धत या प्रवासातील खरा दुवा ठरली. मान, कंबर आणि घोट्यांना कडी लावून रुग्णाला तरंगत ठेवले जाई आणि थेरपिस्ट स्थिर आधारबिंदू होऊन त्याच्या हालचालीला विरोध देई. कडी केवळ आधारासाठी होती, तरी व्यायाम ताकदीचा झाला.

फोमच्या डंबेलचे काम याहून निराळे आहे. प्लावक बल त्याला सतत वर ढकलते, म्हणून खाली दाबताना जे स्नायू आखडतात, तेच डंबेल सावकाश वर येऊ देताना ताणले जात असतानाही काम करतात. पॅडलने मात्र एका दिशेला एक स्नायूगट आणि परतताना त्याच्या विरुद्ध बाजूचा गट काम करतो. म्हणूनच पायऱ्या उतरण्यासारख्या, स्नायूंना ताणले जात असताना काम करावे लागणाऱ्या हालचालींसाठी गुडघ्याला तयार करताना केवळ पॅडलच्या धर्तीच्या साधनांवर भागत नाही. रुग्णाला हळूहळू उथळ पाण्यात आणि शेवटी जमिनीवर न्यावेच लागते.