टाकाऊपासून वस्तू करणाऱ्या नागपूरच्या महिलांसाठी: कारागीर ओळखपत्र, उद्यम, विश्वकर्मा आणि कर्जाचे अर्ज

बचत गटाच्या बैठकीत कुणाला विचारलं, "काय करता, ताई?", की उत्तर येतं, "टाकाऊतून टिकाऊ." प्रदर्शनाच्या बॅनरवर हे छान दिसतं, अर्जावर मात्र अडतं. साहित्य जुनं की नवं याच्याशी सरकारी अर्जाला फारसं देणंघेणं नसतं. तुम्ही हातानं काय करता, हे त्याला हवं असतं: शिवता, विणता, भरतकाम करता, की लगदा थापता. जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवणकामात जातात. कापडाचे तुकडे जोडून केलेली चादर तुकडेजोड किंवा भरतकामात बसते, रद्दीच्या लगद्याची परडी कागदी लगद्याच्या कामात. चिंध्यांची सतरंजी हातमागावर विणत असाल तर सरकारी खातंच बदलतं. हातमागाची नोंद हस्तशिल्पात होत नाही. त्या कामासाठी नागपुरात विणकर सेवा केंद्र आहे.

म्हणून एकच काम ठरवा आणि प्रत्येक अर्जात तेच लिहा. ओळखपत्रावर भरतकाम, उद्यम या सरकारी उद्योग-नोंदणीत किरकोळ विक्री आणि बँकेत पापड-लोणचं असं लिहिलं, तर तपासणीला येणारा माणूस गोंधळतो आणि कागद खाली ठेवून देतो.

अर्जाआधी नमुना

हा भाग कोणत्याही अर्जात विचारत नाहीत, पण पुढचं सगळं यावर उभं आहे. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि घरोघरी कापडी पिशव्या शिवल्या जाऊ लागल्या. आता साधी चौकोनी पिशवी कुणीही शिवतं, तिला भाव येत नाही. त्याच कापडात आतून दोन कप्पे टाका, म्हणजे खाली बटाटे आणि बाजूला टमाटे राहतील. मग ती पिशवी भाजीबाजारात रोज जाणाऱ्या बाईच्या कामाची होते. पिशवीचा बंद तिच्या तळापर्यंत नेऊन शिवा. नुसता काठाला टाचलेला बंद आधी सुटतो. पिशवीत पाच किलो तांदूळ भरून ती रात्रभर खुंटीला टांगा. सकाळी शिवण ताणलेली दिसली तर तो नमुना अजून विकायचा नाही. बोहारणीकडून किंवा शिंप्याकडून आलेलं कापड आधी गरम पाण्यात धुवा आणि रंग जातो का ते पांढऱ्या चिंधीवर घासून बघा. गिऱ्हाइकाच्या कुर्त्याला रंग लागला, तर ती परत येत नाही, शेजारणीलाही येऊ देत नाही.

किंमत कागदावर काढा. समजा साडी ८० रुपयांना पडली आणि तिच्यात दोन पिशव्या निघाल्या, तर एका पिशवीचं कापड ४० रुपये. अस्तर ३०, दोरा-चेन १५ आणि दीड तासाची मजुरी ताशी ६० रुपयांनी ९०. झाले १७५. ही पिशवी प्रदर्शनात दीडशेला देऊन "सगळा माल गेला" म्हणत घरी येणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. माल गेला, मजुरीही गेली. हाच हिशेब पुढे प्रकल्प अहवालात जसाच्या तसा लागतो.

तीसएक प्रकार करण्यापेक्षा तीन नीट करा, त्यातला एक आपल्या सणाचा असू द्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात पोरं लाकडी नंदी घेऊन निघतात. फळांच्या फुटक्या पेट्यांच्या फळ्यांचा छोटा नंदी किंवा कतरण भरलेला कापडी नंदी, दोन्हीला इथे गिऱ्हाईक आहे. मात्र त्यासाठी आषाढातच कामाला बसावं लागतं. श्रावण संपताना सुचून उपयोग नाही.

कारागीर ओळखपत्र

केंद्रीय वस्त्र मंत्रालयाच्या विकास आयुक्त (हस्तशिल्प) कार्यालयाकडून 'पहचान' नावाचं कार्ड मिळतं. हस्तकलेच्या बाबतीत हाच पहिला अर्ज समजा. डिझाइन कार्यशाळा, कौशल्य प्रशिक्षण, अवजारांचे संच, गांधी शिल्प बाजारसारख्या प्रदर्शनांतले स्टॉल या सगळ्यांत आधी हे कार्ड विचारतात. डिझाइन कार्यशाळेत बाहेरचा डिझायनर कारागिरांसोबत बसून नवे नमुने काढतो. ती बहुतेकदा संस्थेमार्फत भरते, म्हणून कार्ड हातात आलं की हस्तशिल्प सेवा केंद्रात (याच कार्यालयाच्या स्थानिक केंद्रात) तुमच्या कामाची कार्यशाळा कधी आहे ते विचारत राहा.

पात्रतेचा गाभा इतकाच की वस्तू तुम्ही स्वतः, मुख्यतः हातानं करता. दुसऱ्याकडून घेऊन विकणारीला हे कार्ड नाही. आधार, आधारला जोडलेला मोबाइल, बँक पासबुक आणि फोटो जवळ ठेवा. अर्ज ऑनलाइन भरता येतो, पैसे लागत नाहीत. पडताळणीत काम करून दाखवायला सांगू शकतात. पूर्ण झालेल्या दोन-तीन वस्तू, अर्धवट असलेली एक आणि तुमची अवजारं तयार असू द्या. अर्धवट वस्तू महत्त्वाची, कारण ती बाजारातून विकत आणता येत नाही.

उद्यम नोंदणी

१ जुलै २०२० पासून सूक्ष्म-लघु उद्योगांची नोंदणी उद्यम पोर्टलवर होते. आधार आणि पॅन क्रमांक, बँक खातं, कामाचा पत्ता इतकी माहिती पुरते. एकही कागद अपलोड करावा लागत नाही आणि शुल्क शून्य आहे. शोधताना वर येणाऱ्या कितीतरी खासगी साइट सरकारीसारख्या दिसतात आणि हजार-दोन हजार मागतात. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट आयएन' दिसलं तरच पुढे जा. पॅन नसेल तर बँकेमार्फत उद्यम असिस्ट मंचावर नोंद होते. उत्पादन, सेवा, व्यापार यांत 'उत्पादन' निवडा. घरातली खोली हाच कारखाना असला तरी चालतं.

दुकान मांडलं आणि कामाला दहापेक्षा कमी माणसं असली, तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे परवाना लागत नाही. ऑनलाइन सूचना देऊन पोचपावती घेतली की झालं. बँकेत अजून "गुमास्ता (म्हणजे दुकानाचा परवाना) आणा" म्हणतात, तेव्हा हीच पावती दाखवायची.

पीएम विश्वकर्मा: कुणाला, कुणाला नाही

पारंपरिक कारागिरांसाठी १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या केंद्रीय योजनेत १८ व्यवसाय आहेत. आपल्या कामाच्या जवळचे तीन: शिंपी, टोपली-चटई-झाडू करणारे, आणि पारंपरिक बाहुल्या-खेळणी करणारे. लगद्याच्या परड्या किंवा काचेच्या बाटल्यांवरचं रंगकाम यात बसत नाही. ओढूनताणून बसवू नका, पडताळणीच्या पायऱ्या तीन आहेत. पहिली ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत, दुसरी जिल्हा समितीत आणि तिसरी छाननी समितीत.

वय किमान १८ लागतं आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. घरात कुणी सरकारी नोकरीत असेल तर अर्ज चालत नाही. गेल्या पाच वर्षांत पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम), मुद्रा (छोट्या धंद्यांसाठीची कर्ज योजना) किंवा स्वनिधी (फेरीवाल्यांसाठीची कर्ज योजना) यांचं कर्ज घेतलेलं नसावं. मुद्रा आणि स्वनिधी पूर्ण फेडलं असेल तर चालतं. अर्ज नागरी सुविधा केंद्रातून, म्हणजे सीएससीतून, अंगठ्याच्या ठशानं भरतात. आधार, मोबाइल, बँक पासबुक आणि रेशन कार्ड न्या. मंजुरीनंतर पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, त्यात रोज ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत. पुढे ५ टक्के व्याजानं आधी १ लाख आणि ते नीट फेडलं की २ लाखांपर्यंत कर्ज मिळतं.

मोठं कर्ज

मशीन आणि जागा दोन्ही हवं असेल तर पीएमईजीपी बघा. कर्ज बँक देते, अनुदान सरकार. महिलांना स्वतःचे फक्त ५ टक्के घालावे लागतात. अनुदान शहरात २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के. म्हणजे काम ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल तर दहा टक्क्यांचा फरक पडतो. मात्र ग्रामीण असल्याचा दाखला आणि युनिट खरोखर तिथेच हवं. उत्पादनाचा प्रकल्प १० लाखांच्या वर असेल तर आठवी पास असणं आवश्यक. युनिट नवीन असावं, नवरा-बायको मिळून एकच अर्ज.

अनुदान हातात पडत नाही, हे आधीच डोक्यात पक्कं करा. ती रक्कम बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकलेली असते. प्रत्यक्ष पाहणी होऊन युनिट चालू दिसलं की कर्जात वळती होते. "अनुदान काढून देतो" म्हणत आगाऊ पैसे मागणारा माणूस दारात आला, तर त्याला हेच ऐकवा.

अर्ज ऑनलाइन आहे. आधार, पॅन, फोटो, प्रकल्प अहवाल, लागू असेल तर जातीचा आणि शिक्षणाचा दाखला लावा. अडलं तर सिव्हिल लाइन्सच्या उद्योग भवनात जिल्हा उद्योग केंद्र आहे. राज्याची मुख्यमंत्री रोजगार निर्मिती योजनाही तिथूनच चालते. पन्नास हजारांच्या आत भागत असेल तर एवढी धावपळ कशाला? मुद्राचं शिशू कर्ज बँकेत थेट मागा.

नावाची भानगड

अर्ज अडतात ते पात्रतेपेक्षा नावामुळे. आधारवर सासरचं आडनाव, पॅनवर माहेरचं, पासबुकात फक्त नाव आणि नवऱ्याचं नाव. यंत्राला या तीन वेगळ्या बाया वाटतात. सगळ्यात आधी आधार नीट करा, मग पॅन, मग बँक. त्यासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर तुमच्या भागाच्या महापालिका झोन कार्यालयात चौकशी करा. नाव पूर्णच बदललं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी लागते. आधारला शेवटचा कोणता मोबाइल नंबर जोडला होता, तेही तपासा. बंद पडलेल्या नंबरवर ओटीपी येत राहतो आणि अर्ज तिथेच थांबतो.

विक्री आणि जीएसटी

सिव्हिल लाइन्सच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा भरतो. त्यात स्टॉल हवा असेल तर जाहिरात येण्याची वाट न बघता पावसाळ्यातच कार्यालयात चौकशी करून ठेवा.

राज्यातल्या राज्यात वस्तू विकत असाल, तर वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. रायपूर किंवा भोपाळच्या प्रदर्शनात माल न्यायचा तर एरवी नोंदणी लागते, पण अधिसूचित हस्तकला वस्तूंना २० लाखांपर्यंत सूट आहे. तिथेही अट तीच: वस्तू मुख्यतः हातानं केलेली आणि त्यावर डोळ्यांना दिसेल इतकं कलाकाम असावं. साध्या मशीनच्या शिलाईची पिशवी त्यात बसेलच असं नाही. कडेनं हाताच्या टाक्याचं भरीव काम असेल तर तुमची बाजू भक्कम होते. या सवलतीसाठी पॅन आणि माल पाठवतानाचं ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा कागद) दोन्ही लागतं, तेव्हा गाडी ठरवण्याआधी ते काढून घ्या.