वतनाच्या तंट्यातली वंशावळ

घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याच्या हाती पुण्याच्या पेशवे दफ्तरातला एखादा महजर, म्हणजे सभेने दिलेल्या निवाड्याचा कागद, लागला, की त्यातली पाच-सहा पिढ्यांची वंशावळ तो हरखून उतरवून घेतो. पण ती कोणी, कोणाविरुद्ध आणि कशासाठी सांगितली, हे पाहिल्याशिवाय तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

मराठेशाहीत पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही वतने वारशाने चालत आणि भाऊबंदांत वाटली जात. त्यामुळे वडीलपणाचा मान कोणाचा, यावरून तंटे पिढ्यान्पिढ्या धुमसत. तंटा गोतापुढे, म्हणजे गावच्या आणि परगण्याच्या वतनदारांच्या सभेपुढे आला, की दोन्ही पक्ष आधी राजीनामा लिहून देत. आज हा शब्द नोकरी सोडण्याच्या कागदाला लागला असला, तरी तेव्हा ती होणारा निवाडा मान्य करण्याची कबुली होती. त्यानंतर प्रत्येक पक्ष आपला करीना सांगे. करीना म्हणजे घराण्याची हकीकत, पण दाव्याला सोयीची. निकालानंतर जिंकणारा सरकारात हरकी, म्हणजे जिंकल्याबद्दलची रक्कम, भरी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी, म्हणजे दंड, घेतला जाई. म्हणून पूर्वजाच्या नावापुढे ‘गुन्हेगारी’ दिसली, तर त्याने चोरी-दरोडा केला असे समजून दचकण्याचे कारण नाही.

कागदाचा काळ ठरवताना तर घाई नडतेच. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ हे अरबी संख्याशब्द एकं, दहं, शतं, सहस्र या क्रमाने वाचले की शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांतली एक कालगणना, 1161 निघतो. हे वर्ष मृगाच्या सुमारास पालटते. म्हणून इसवी सन काढण्यासाठी मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात 599 आणि पुढे 600 मिळवावे लागतात. पानिपतची लढाई, जानेवारी 1761, याच सनातली. त्या लढाईच्या वेळच्या कागदावर शक असेल, तर तो 1682 आणि साठ संवत्सरांपैकी विक्रम नावाचे संवत्सर असायला हवे. हे जुळले नाही, तर नक्कल करणाऱ्याची चूक किंवा बनावट कागद, दोन्ही शक्यता धराव्यात. महजराच्या शेवटी पाटलाच्या नावाजवळ काढलेला लहानसा नांगर ही सजावट नसून त्याची निशाणी असते, म्हणजेच सही.

पेशवाई 1818 मध्ये संपली, तरी हक्क सिद्ध करण्याची गरज उरलीच. उलट 1852 च्या कायद्याने इनामांच्या हक्कांची चौकशी करणाऱ्या इनाम कमिशनला अधिकार मिळाल्यावर इनामदारांना आपला हक्क कागदांनिशी मांडावा लागला. त्यांनी दिलेल्या कैफियतींत वंशावळी विपुल आहेत, पण त्या हक्काच्या वाटेनेच जातात. मुली त्यांत बहुधा नसतात आणि ज्या शाखेचा वाटा उरला नाही, ती गळते. दत्तकाच्या बाबतीत ‘बिन’, म्हणजे ‘चा मुलगा’, या शब्दापुढे दत्तक घेणाऱ्या बापाचे नाव येते, जन्मदात्याचे नाही. ते शोधायचे, तर दत्तविधानाचा कागद किंवा त्या दत्तकाला हरकत घेणाऱ्या चुलतभावाची तक्रार मिळवावी लागते, आणि अनेकदा ती तक्रारच अधिक बोलकी निघते.